उपासाला चालतं ते

माणिक सामंतला मासे मानवत, देव मानवत नसे. निदान तिच्या सासूबाईंचं, म्हणजे माईंचं, मत तसं होतं; आणि लग्नाला सहा वर्षं होत आली तरी ते खोडून काढायला माणिकजवळ काही पुरावा नव्हता.

बांगड्याचं तिखलं खाल्लं, तिसऱ्या खाल्ल्या, कोलंबीचं सुकं बोटं चाटून खाल्लं, तरी तिच्या अंगावर तीळभर पुळी उठायची नाही. आणि एकादशी आली, शिवरात्र आली, की दुपारचा फराळ आटोपून ती भांडी विसळायला बसते न बसते तोच ओठ जड व्हायचे. मग कानांच्या पाळ्या तापायच्या. मग दंडांवर, पाठीवर, पोटऱ्यांवर लाल लाल गांधी, आणि एक डोळा असा मिटायचा की दारात आलेल्या माणसाने विचारावं, "मारलं की काय कुणी?"

माई तिला काळ्या घोंगडीत गुंडाळायच्या, आमसुलाचा कोळ अंगभर चोळायच्या, वाटीभर प्यायलाही लावायच्या. हात मायेचा असायचा, तोंड मात्र चालू. "मासो मानवता, देव मानवणा नाय. असली सून मी खंय बघूक नाय." माईंना वेंगुर्ल्याहून पार्ल्याला येऊन जन्म गेला होता, पण राग आला, भीती वाटली किंवा देवाचा विषय निघाला की त्यांची मालवणी आपोआप बाहेर यायची.

डॉक्टरांना दाखवून झालं होतं. त्यांनी जीभ बघितली, खालची पापणी ओढून बघितली आणि सांगितलं, "रिकाम्या पोटी पित्त खवळतं. उपास बंद करा." वर गुलाबी मिक्श्चर दिलं. हे कुणालाही पटावं असंच होतं. पटलं नाही ते माणिकला. कारण माहेरी, आचऱ्याला, परकरात होती तेव्हापासून ती एकादशी धरत आली होती आणि तिथे तिचा ओठच काय, नखसुद्धा कधी सुजलं नव्हतं. म्हणजे आचऱ्याच्या देवाला ती चालत होती आणि पार्ल्याच्या देवाला चालत नव्हती. आता याला काय म्हणावं?

तशी माणिक गोंधळून जाणारी बाई नव्हे. कोळणीच्या पाटीत वरचे मासे ताजे नि खालचे शिळे आहेत का, हे ती दारातूनच ओळखायची. दूधवाल्याने आज पाणी कुठल्या विहिरीचं घातलंय तेवढंच फक्त तिला सांगता येत नसे, असं तिचा नवरा मधुकर म्हणायचा. पण या एका बाबतीत तिची अक्कल चालत नव्हती. ती देवासमोर बसायची, चांदीच्या टाकावरच्या देवीच्या बारीकशा तोंडाकडे बघायची आणि मनात म्हणायची, माझं चुकतंय तरी कुठे, एकदा सांग ना गं बाई.

त्या साली मात्र हे नुसतं मनातलं राहिलं नाही. माईंना मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी त्यांचे उपास कायमचे बंद केले. सामंतांकडे नवरात्रात घट बसायचा आणि ज्या घरात घट त्या घरातली एक बाई नऊ दिवस उपास करायची, अशी पहिल्यापासूनची चाल. आजवर ती बाई माई होत्या. आता कोण? माणिकची थोरली जाऊ नलिनी घाटकोपरला राहायची, आणि ती उपासांना अशी खंबीर की चहासुद्धा न घेता दिवस काढून वर शेजारणीचे पापड लाटून द्यायची. गणपतीला सगळे जमले तेव्हा माईंनी सगळ्यांच्या देखतच सांगितलं, "पितृपक्षातली एकादशी येता हा. माणिक ती करू दे. अंग नाय सुजला तर घट हयसर. सुजला तर देवीक नलिनी घेऊन जाऊ दे घाटकोपरला."

"तसं काही नाही हो माई, मी कशाला नेऊ," नलिनी म्हणाली. पण जाताना टाक कुठल्या डब्यात मावेल ते बघून गेली.

देवघराच्या कोनाड्यात ती रोज सकाळी हात घालायची, फुलं काढायची, तेल घालायची. तो कोनाडा रिकामा झाला तर लोक काय म्हणतील हे तर होतंच. पण घरात राहायला देवीनेच नाही म्हटलं, तर उद्यापासून आपण त्या घरात कोणाच्या भरवशावर राहायचं, असं तिला वाटायचं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात विद्याधर प्रधानने चिनी जेवणाचं निमंत्रण दिलं.

विद्याधर म्हणजे मधुकरच्या विमा कंपनीतला मित्र. त्याला हेडक्लार्कची जागा मिळाली होती. राहायचा अंधेरीला. तिथे एका जुन्या बंगल्याच्या पडवीत एका चिनी कुटुंबाने खाणावळ काढली होती, नाव 'गोल्डन फिश'. स्टुडिओतली माणसं तिथे मोटारींतून जेवायला येतात, झकास असतं, असं तो ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटला होता.

"चिनी काय खातत ता तुका ठाऊक आसा?" माईंनी मधुकरला विचारलं.

"शेवया खातात, माई. आपल्यासारख्याच."

"शेवयात काय घालतत?"

"ते गेल्यावर कळेल."

"पोटात गेल्यार कळान काय करतलस?"

मधुकर हसला, पण माणिकला माईंचं म्हणणं बरोबर वाटलं. जायची इच्छाही होती. लग्नानंतर बाहेर बसून जेवायचे प्रसंग आले होते किती? आणि गणपती पोचवून झाले होते, पितृपक्ष लागायचा होता, म्हणजे मधे मोकळे दिवस होते. तरी नवरात्र तोंडावर, एकादशीची परीक्षा डोक्यावर. जावं की न जावं हे न ठरवताच तिने जांभळी इरकल नेसली, आणि टांग्यात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण निघालो.

पडवीत चार-पाच टेबलं होती आणि वर लाल कागदाचे कंदील, आपल्या आकाशकंदिलाच्या भावकीतले. विद्याधरची बायको जयंती आधीच येऊन बसली होती. तिने माणिकला हात धरून शेजारी बसवलं. "बरं झालं गं तू आलीस. हे दोघं ऑफिसचं बोलत बसणार. आपण खाऊया."

ऑर्डर घ्यायला स्वतः मालकीणबाई आल्या. मिसेस ली. पन्नाशीच्या, घट्ट अंबाडा, नाकावर चष्मा. जन्म माझगावचा, त्यामुळे हिंदी आपल्या सगळ्यांइतकीच मोडकी.

"चार प्लेट कोलंबी नूडल्स!" विद्याधरने फर्मावलं.

"थांबा हो," जयंती म्हणाली. "माझ्या वांग्याचं विचारा."

"अगं, कोलंबीत वांगं कुठून येईल?"

"विचारा म्हणते ना. चातुर्मासाचं सोडलंय मी."

नवा हेडक्लार्क निमूटपणे वळला. "बाई, इसमें बैंगन है क्या? मेरी मिसेस ने छोडा है."

मिसेस लींनी पेन्सिल खाली घेतली. "छोडा है? भगवान के लिए?"

"हां."

त्या तडक आत गेल्या. आतून चिनी भाषेत जोरजोरात काहीतरी ऐकू आलं, भांडी हलली, आणि बाहेर येऊन त्या गंभीरपणे म्हणाल्या, "बैंगन वाला कढाई बाजू में रख दिया. उसका चमचा भी."

जयंतीने मान डोलावली, जणू यापेक्षा कमी काही होणारच नव्हतं. माणिकला तिचा हेवा वाटला. आपण कधी कुणाला असं ठणकावून काही सांगितलंय? आपल्याला काय चालतं नि काय नाही, हे आधी आपल्याला तरी कळलंय का?

"मला कोलंबी नको," ती हळूच म्हणाली.

मधुकरने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तुला? कोलंबी नको?"

"नवरात्र आलंय तोंडावर."

"अगं, परवाच घरी सुकट खाल्लीस की!"

"घरातली वेगळी."

का वेगळी, ते तिला सांगता आलं नसतं, आणि सुदैवाने कुणी विचारलंही नाही. मिसेस ली मात्र तिच्याकडे बघत होत्या.

"बाई, व्रत है?"

"नहीं. मतलब… आनेवाला है."

"आनेवाला व्रत का परहेज आज से?" मिसेस लींनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा खुलला. "समझ गई. मेरी सास का भी ऐसा ही है. पूनम-अमावस को मांस नहीं, अंडा नहीं, प्याज-लसून भी नहीं."

माणिकचा चमच्याशी चाललेला चाळा थांबला. "प्याज-लसून भी नहीं?"

"कुछ नहीं. कढाई भी अलग. मेरे को भी हाथ लगाने नहीं देती."

"म्हणजे यांच्याकडेही एक माई आहेत," मधुकर पुटपुटला.

"आपको वही देती मैं. सास का व्रतवाला. तिल का तेल में, एकदम शुद्ध."

माणिकच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. कुठला मुलूख, कुठला देव, आणि तिथल्या सासवासुद्धा पौर्णिमा-अमावास्या पाळतात! ती जयंतीला म्हणाली, "बघ, म्हणजे जगात सगळीकडे सारखंच की गं." जयंती म्हणाली, "सासवा तर सारख्याच."

ताटल्या आल्या. बाकीच्यांच्या शेवया पिवळसर, अंड्याच्या. माणिकपुढच्या मात्र पांढऱ्याशुभ्र, तांदळाच्या. तिला आचऱ्याची आठवण झाली. तिथे नारळाच्या गोड रसात घालून खायचे ते शिरवाळेच जणू कुणी परक्या गावचे कपडे घालून बसवले होते. त्यांत कोबी, गाजर, खरवसाच्या वड्यांसारखं काहीतरी पांढरं मऊ. आणि वरून भुरभुरलेलं भाजल्या दाण्याचं जाडसर कूट.

पहिला घास तिला कळलाच नाही. खारट की आंबट, गार की गरम? दुसऱ्या घासाला दाणा दाताखाली आला आणि तोंडभर एकदम ओळखीची चव पसरली. अगदी आपली उपासाची खिचडी! उपासाच्या दिवशीचं तेवढंच एक सुख तिला होतं. पुढे अंग सुजणार हे ठाऊक असूनही माईंच्या हातच्या त्या खिचडीची तिने कधी एक कणी टाकली नव्हती. इथेही तिने ताटलीच्या कडेचं कूट बोटाने टिपून खाल्लं. समोर विद्याधर दोन काड्यांनी शेवया उचलायची खटपट करत होता आणि दर वेळी त्या त्याच्या टायवर उतरत होत्या. माणिक मनापासून हसली. फार दिवसांनी.

जयंती काहीतरी सांगत होती, ती मधेच थांबली. "माणिक, तुझा ओठ बघ गं."

माणिकने बोट लावलं. ओठ तिचा नव्हताच, कुणीतरी दुसऱ्याचा आणून लावल्यासारखा. आणि मग ते नेहमीचं, पाठ असलेलं सगळं ओळीने आलं. कान. दंड. घशात खाज. डोळा.

"अरे मध्या, वाट लागली!" विद्याधर उभा राहिला. "वहिनींना काय झालं?"

"उपासाला होतं तसं," मधुकर म्हणाला आणि स्वतःच बुचकळ्यात पडला. "पण आज उपास कुठे आहे?"

मिसेस ली धावत आल्या. मागोमाग आतून एक लहानखुरी म्हातारी आली, हाताला पीठ लागलेलं. तिने माणिककडे बघितलं, ताटलीकडे बघितलं, आणि सुनेला घाईघाईने काही सांगू लागली.

"सास बोलती, मैंने अपने हाथ से बनाया," मिसेस ली म्हणाल्या. "मांस-मच्छी का हाथ भी नहीं लगा. भगवान की कसम."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्या व्रताच्या अन्नाने एका बाईचं तोंड असं व्हावं, हे तिलाही उमगत नव्हतं. माणिक सुजल्या ओठांनी तिचीच समजूत काढायला लागली, "नहीं, नहीं. आपका कुछ नहीं. मेरा भगवान…" म्हातारीने पिठाच्या हातांनीच तिचा हात धरून ठेवला, टांगा येईपर्यंत सोडला नाही.

घरी घोंगडी, आमसूल, सगळं तयारच होतं म्हणायचं. माईंनी चोळायला सुरुवात केली.

"काय खाल्लंस?"

"शेवया."

"त्यात काय होता?"

"काही नव्हतं माई. मासळी नाही, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. त्यांच्या सासूबाईंच्या व्रताचं होतं."

"आज उपास धरलेलंस?"

"नाही."

माईंचा हात थांबला. सहा वर्षांत पहिल्यांदा थांबला. "उपास नाय. मासो नाय," त्या आमसुलाच्या वाटीकडे बघत म्हणाल्या. "मगे कित्या?"

मग माईंनी स्वतःलाच सावरलं. "तुझ्यार रागावली हा देवी. उपास केलंस तरी रागावता, नाय केलंस तरी रागावता." पण बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता. घोंगडीच्या आत माणिक एका डोळ्याने अंधार बघत पडली होती आणि तिच्या मनात तेच चाललं होतं. उपास केला तरी सूज, नाही केला तरी सूज. मग या बाईला माझ्याकडून हवंय तरी काय?

एकादशीच्या आदल्या दुपारी माणिक उपासाचा डबा भरायला बसली. साबुदाणा निवडला, वरी निवडली, दाणे भाजले. कोमट असतानाच सुपात घेऊन तळव्यांनी चोळले, टरफलं फुंकून उडवली. तळवे चुरचुरायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं. हे दर वेळीच व्हायचं. तळवे दाण्यांच्या उष्णतेने चुरचुरतात आणि डोळ्यांत शेगडीचा धूर जातो, असं ती समजून चालली होती. आज शेगडी केव्हाच विझली होती.

ती तशीच बसून राहिली. सुपातल्या दाण्यांकडे बघत.

चिनी म्हातारीच्या व्रतात आणि माईंच्या एकादशीत सारखं काय होतं? देव सारखा नव्हता. तिथी सारखी नव्हती. कढई, तेल, तांदूळ, काही नाही. सारखा होता तो हा दाणा. घरात दाणे यायचे ते फक्त उपासाच्या डब्यात. एरवी सामंतांचं सगळं नारळावर चालायचं, फोडणीसुद्धा वेंगुर्ल्याहून येणाऱ्या खोबरेलाची. आणि आचऱ्याला? आचऱ्याला आई उपासाला रताळी उकडायची, वरीवर ओलं खोबरं घालायची, केळी असायची. साबुदाण्याची खिचडी माणिकने पहिल्यांदा पाहिली ती लग्नानंतर, पार्ल्याला.

कळलं, असं वाटायला हवं होतं. उलट ती जास्तच गोंधळली. दाणा? दाणा तर उपासाला चालतो! जे उपासाला चालत नाही ते बाधेल, हे समजू शकतं. जे शुद्ध म्हणून मुद्दाम खायचं, तेच कसं बाधेल?

संध्याकाळी मधुकर घरी आल्याआल्या तिने त्याला बाजूला घेतलं.

"अहो, मला दाणा बाधत असेल?"

"दाणा कुणाला बाधतो का गं? अख्खं पार्लं दाणे खातं."

"पार्ल्याचं सोडा. माझं विचारते आहे."

"जुहूला नव्हते का आपण पुडी घेऊन खाल्ले?"

"कधी?"

मधुकरने आठवलं. "शिवरात्रीला."

"मग त्या रात्री काय झालं होतं?"

"सुजली होतीस. पण तो उपास होता म्हणून…" मधुकर बोलता बोलता थांबला, टोपी काढून हातात धरून उभा राहिला. "मला काही कळत नाही, माणिक. तू माईंना सांग."

माईंना सांगणं सोपं नव्हतं. सकाळी स्नान करून माई खिचडीला बसल्या होत्या. स्वतः खायची नव्हती तरी करायचा मान त्यांचाच. माणिकने धीर करून सगळं सांगितलं. सूप, तळवे, चिनी म्हातारी, आचरा. माईंनी उलथनं फिरवत फिरवत ऐकून घेतलं.

"शुद्ध वस्तू बाधणा नाय," एवढंच म्हणाल्या.

"आजच्या दिवस मी रताळी खाते माई. वरी खाते. बघूया."

"खिचडी नको?"

"नको."

"तूप सोडलंय वरसून. जिरा घातलंय."

वास घरभर झाला होता. "नको, माई."

माईंनी तरीही ताटात खिचडी वाढली आणि ताट माणिकपुढे सरकवलं. माणिकने ती बाजूला सारून रताळं खाल्लं, खोबरं घालून वरी खाल्ली. माई समोर बसून राहिल्या. त्या दुपारी त्यांनी माणिकला दर थोड्या वेळाने हाक मारली. एकदा सुईत दोरा ओवायला, एकदा बांगडी घट्ट झालीय का बघायला, एकदा नुसतंच, "हात दाखव गो, मेंदी उतरली काय?" मेंदी काढलीच नव्हती. पार्ल्यातल्या बिस्किटांच्या कारखान्याचा गोडसर वास वाऱ्यावर आला, म्हणजे दुपार कलली. माणिकच्या दंडावर काही नव्हतं. तिने आरशात ओठ बघितले. तिचेच होते.

आणि नलिनी आली. हातात पितळी डबा, आत मऊ लाल फडकं. "इकडे आलेच होते म्हणून," ती म्हणाली. इकडे यायला घाटकोपरहून किती यातायात पडते ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिने आधी माणिकच्या तोंडाकडे नीट बघितलं. काही दिसलं नाही तशी म्हणाली, "उपास केला नाहीस वाटतं?"

"केला की."

माईंनी नलिनीपुढे खिचडीची बशी ठेवली. नलिनीने घास घेतला आणि तिचं लक्ष कट्ट्यावरच्या ताटाकडे गेलं. त्यात माणिकची खिचडी तशीच, गार होऊन पडलेली. "हे गं काय? ही कुणाची? म्हणजे काहीच खाल्लं नाहीस? मग अंगावर कसं उठेल? हे काही खरं नव्हे हं, माई."

माणिकने तोंड उघडलं. तिने मनात जुळवून ठेवलं होतं सगळं: वहिनी, मला दाणा बाधतो. पण ते वाक्य नलिनीपुढे कसं दिसेल ते तिला आत्ताच दिसलं. नलिनी हसेल. मग औषधं सांगेल. मग म्हणेल, दाणा बाधणाऱ्या बाईने नवरात्र काय करायचं?

"तिणा दाणो सोडल्यान हा," माई म्हणाल्या.

नलिनीचा घास हातातच राहिला. "काय?"

"दाणो. देवीसाठी सोडल्यान. जन्माचो."

माणिक माईंकडे बघत राहिली. माई देवघरातली समई पुसत होत्या, पाठ करून.

"अगं बाई!" नलिनीने बशी खाली ठेवली. तिचा आवाजच बदलला. "दाणा सोडलास? मग उपासाला खातेस काय?"

"रताळी. वरी. खोबरं."

"नऊ दिवस?"

"नऊ दिवस."

"मला नाही हो जमायचं. एकवेळ पाणी सोडीन मी." नलिनी खरंच मनापासून बोलत होती. तिने माणिकचा हात हातात घेतला, आणि माणिकला जयंतीचं वांगं आठवलं, बाजूला ठेवलेली कढई आठवली, तिचा चमचासुद्धा. जाताना नलिनीने पितळी डबा इथेच ठेवला. "राहू दे. तिळाच्या वड्या ठेवायला होईल."

ती दिसेनाशी झाल्यावर माणिक स्वयंपाकघरात आली. "माई, मी कुठे सोडलाय? मला बाधतो, म्हणून खात नाही. आणि बाधतो की नाही, तेही अजून…"

"खिचडी आवडता तुका?"

"आवडते."

"मगे? आवडता आणि खाणा नाय, तेका सोडला म्हणतत."

"पण ते खोटं नाही का होत?"

"माका काय म्हायत?" माई एकदम चिडल्या. "बाधता म्हणशील तर लोक काढे सांगतले. सोडलंय म्हण, कोण विचारणा नाय." मग त्या माणिकचं ताट उचलून खिचडीकडे बघत उभ्या राहिल्या. दाणा आणि देव यांचा हिशेब त्यांच्याही डोक्यात बसत नव्हता, हे दिसत होतं. "त्या चिनणीची सासू," त्या जरा वेळाने म्हणाल्या, "पुनवेक दाणोच खाता?"

"हो."

"आणि तिका काय होणा नाय?"

"नाही."

"मगे आमचो दाणो असो कसो?" माई म्हणाल्या आणि ताट घेऊन मागच्या दारी गायीला घालायला गेल्या.

घट पार्ल्यालाच बसला. पहिल्या माळेला संध्याकाळी माणिक समईसमोर बसली होती. दिवसभरात रताळी नि वरी. उपासाच्या डब्यातले दाणे माईंनी शेजारी देऊन टाकले होते, आणि आळीतल्या दोन बायका एव्हाना येऊन माणिकला हळदकुंकू लावून, "दाणा सोडलात म्हणे!" असं म्हणून वाकून गेल्या होत्या. त्यांच्यासमोर काय चेहरा करावा ते तिला समजलं नव्हतं. टाकावरची देवी मात्र नेहमीच्याच बारीकशा तोंडाने बघत होती. रागावलेली नव्हती. रागावलेली होती कधी, हेही आता सांगता येत नव्हतं.

आरती संपत आली आणि माणिकने मनगटाच्या वर हलकेच खाजवलं.

माईंची टाळी अर्ध्यावर थांबली. "काय गो?"

माणिकने हात दिव्याजवळ नेला. मनगटाच्या वर एक लालसर फुगवटा होता. एकच. वाटाण्याएवढा. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. मधुकर घंटा हातात तशीच धरून उभा.

माणिकच्या कानाशी काहीतरी बारीक गुणगुणलं.

"डास असेल," ती म्हणाली.

"डासच आसतलो," माई म्हणाल्या, आणि चष्मा शोधायला उठल्या.